आरती अख्खी म्हणतात मग पाणी का मागता येत नाही? ब्लाउज शिवणाऱ्या काकूंची अफेजियाची केस

काकू ५६ वर्षांच्या. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावात घरातल्याच पुढच्या खोलीत वीस-बावीस वर्षं ब्लाउज शिवायचं दुकान, शिक्षण सातवीपर्यंत, हिशोब एकदम पक्का, गिऱ्हाइकांशी तासन् तास गप्पा मारणारी बाई. मेंदूच्या डाव्या बाजूला गुठळी अडकून स्ट्रोक झाला, उजवा हात-पाय लुळा पडला आणि बोलणं जवळजवळ बंद. मेंदूला मार बसून भाषाच अशी बिघडते त्याला अफेजिया म्हणतात. मी स्पीच थेरपिस्ट, माझ्याकडे आल्या तेव्हा स्ट्रोकला साडेतीन महिने होऊन गेले होते. पाय बराच सुधारलेला, काठी घेऊन चालत होत्या, हाताची बोटं मात्र कात्री धरण्याजोगी नव्हती. सोबत काका आणि सून. सुनेनं पहिल्याच भेटीत विचारलं की मॅडम, आई गणपतीची आरती पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हणतात, मग साधं पाणी का मागता येत नाही, आणि मोबाईलवर बघितलंय गाण्याची थेरपी असते म्हणून, तर तीच सुरू करा ना.

ही केस लिहितेय ती काकूंच्या परवानगीनं. परवानगी त्यांच्याकडूनच घेतली, घरच्यांकडून नाही, चित्रं काढून आणि मोठ्या अक्षरात दोन-दोन शब्द लिहून समजावलं, मग त्यांनी डाव्या हातानं सही केली. ओळख पटेल असे तपशील बदललेत.

आधी गाण्याचं सांगते, कारण हा प्रश्न बहुतेक घरांतून येतोच. गोष्ट फार जुनी आहे, स्वीडनच्या ओलोफ दालिन यानं १७४५ सालीच अशा एका माणसाची नोंद करून ठेवलीय ज्याला बोलता येत नव्हतं पण आजाराच्या आधी पाठ असलेली चर्चमधली भजनं म्हणता येत होती. आरती, पाढे, आठवड्याचे वार, रागात तोंडातून निघालेला एखादा शब्द, हे सगळं अख्खंच्या अख्खं मुरलेलं असतं, नव्यानं जुळवावं लागत नाही आणि त्यात मेंदूच्या उजव्या बाजूचाही वाटा असतो. पाणी मागायला मात्र दरवेळी नव्यानं शब्द शोधायचा, त्याचे उच्चार ओळीनं लावायचे, समोर कोण आहे ते बघून वाक्य बांधायचं, आणि हे काम करणारा डावीकडचा भागच नेमका मार खाल्लेला. म्हणजे आरती येते यावरून एवढं पक्कं कळतं की आवाज, श्वास, जीभ, ओठ सगळं हलतंय. पण आरती शंभरदा म्हणून घेतली तरी त्यातून पाण्याची मागणी बाहेर पडत नाही.

यावरूनच आठवलं, काकूंना आधी एका ठिकाणी तीन महिने जिभेचे व्यायाम दिले होते, जीभ बाहेर काढा, गालात फिरवा, फुंकर मारा, आणि घरात कोणीतरी अक्कलकारा मधात उगाळून जिभेला चोळायला सांगितलेला तेही चालू होतं. जीभ ज्यांची खरंच कमजोर आहे त्यांचा विषय वेगळा. अफेजियात जिभेचा दोष नसतो, भाषेचा असतो, आणि आरती सलग म्हणणाऱ्या बाईला तीन महिने फुंकरा मारायला लावणं यात सुरुवातीचा मोलाचा काळ गेला याचं मला मनापासून वाईट वाटतं.

तपासणीत काय दिसलं ते सांगते. स्वतःहून बोलणं एका-एका शब्दाचं, तेही ओढूनताणून. नामं थोडी यायची, सुई, दोरा, चहा, सून. क्रियापदं जवळपास नाहीतच. मागून म्हणायला लावलं तरी दोन शब्दांच्या पुढे गाडी जायची नाही आणि जोडाक्षरं फुटायची, अस्तर म्हणायचं तर अत्तर यायचं, म्हणजे भाषेसोबत उच्चारांची जुळणीही बिघडलेली, ज्याला आम्ही ॲप्रॅक्सिया म्हणतो. साधं बोलणं समजायचं. पण "सुनेला सासूनं हाक मारली" असं शब्द फिरवून म्हटलं की कोणी कोणाला हाक मारली हे चित्रावर दाखवताना हमखास चुकायच्या, कारण -ला आणि -नं हे प्रत्यय त्यांच्या कानातून निसटत होते, पहिलं नाव आलं तीच हाक मारणारी असं धरून चालायच्या. वाचण्यात स्वतःची मापांची वही मात्र ओळखीची, छाती, कंबर, उंची, मुंढा हे शब्द बघून बोट बरोबर जायचं.

आणि एक गोष्ट घरच्यांच्या लक्षात आलेली नव्हती. काकू प्रत्येक प्रश्नाला मान डोलवून हो म्हणायच्या. चहा हवा का, हो. चहा नको ना, हो. घरच्यांना वाटायचं सगळं समजतंय. अफेजियाच्या पेशंटचं हो-नाही भरवशाचं आहे का हे पहिल्यांदा तपासायला हवं, कारण घरातला सगळा कारभार, अगदी औषधाचा आणि दुखण्या-खुपण्याचासुद्धा, त्या एका मानेवर चालू असतो.

कागदावर ही ब्रोका प्रकारची, म्हणजे समज त्यातल्या त्यात बरी पण बोलणं तुटक अशी, मध्यम ते तीव्र अफेजिया. पण नुसत्या प्रकारावरून थेरपी निवडता येत नाही असं माझं ठाम मत आहे. ब्रोका म्हटलं की अमुक थेरपी असं पुस्तकात मिळतं, पण काकूंना बोलायचं कोणाशी आणि कशासाठी ते पुस्तकात नाही. म्हणून घरातल्या, दुकानातल्या वस्तूंचे, माणसांचे फोटो समोर पसरले आणि काय परत हवंय ते त्यांनाच निवडायला लावलं. मला वाटलं नातवाचा फोटो आधी उचलतील. त्यांनी उचलली मापाची टेप. नंतर दुकानाच्या दाराचा फोटो. नातू तिसरा.

हात चालत नसल्यामुळे कापणं-शिवणं पूर्वीसारखं जमणार नव्हतं हे त्यांनाही कळत होतं. सुनेला मशीन येत होतं, पण गिऱ्हाईक सुनेसाठी येत नव्हतं, काकूंच्या फिटिंगसाठी येत होतं. मग ठरलं असं की काकू ऑर्डर घेणार, माप बघणार, ट्रायलला नजर टाकणार, आणि शिवणार सून. म्हणजे थेरपीचं टार्गेट झालं गिऱ्हाईक दारात आल्यापासून परत जाईपर्यंतचं बोलणं.

आता पर्याय काय काय होते आणि का घेतले, का सोडले.

गाण्याची म्हणतात ती मेलॉडिक इंटोनेशन थेरपी, १९७३ मध्ये बोस्टनच्या अल्बर्ट, स्पार्क्स आणि हेल्म यांनी मांडलेली. त्यात गाणी म्हणत नाहीत, रोजची छोटी वाक्यं दोन सुरांत, डाव्या हातानं एकेका अक्षराला ठोका देत म्हणायची, थेरपिस्ट आधी बरोबरीनं म्हणतो, हळूहळू गप्प होतो, शेवटी सूरही काढून टाकायचा. बोलणं कमी, समज बरी, मागून म्हणणं खराब, असाच पेशंट तिला लागतो, म्हणजे काकू बसत होत्या त्यात. पण २०११ मध्ये जर्मनीतल्या श्टाल आणि सहकाऱ्यांनी १७ जणांवर अभ्यास केला त्यात गाण्याचा असा वेगळा फायदा दिसला नाही, काम करत होती ती लय, आणि वाक्य किती तोंडात बसलेलं आहे ते. नेदरलँड्समध्येही ही थेरपी स्ट्रोकनंतरच्या पहिल्या काही महिन्यांत उपयोगी पडली, पण जुन्या पेशंटमध्ये फायदा घोटलेल्या वाक्यांपुरताच राहिला. म्हणून मी तिच्यातली लय आणि डाव्या हाताचा ठोका घेतला, बाकीची सगळी शिडी सोडली. सुनेला हे पटायला वेळ लागला, तिचं म्हणणं की आई गातात तेव्हा खुश असतात, तर मी म्हटलं गाऊ द्या की, रोज गाऊ द्या, भजनाला न्या, फक्त ती थेरपी समजू नका.

दुसरा पर्याय कन्स्ट्रेंट थेरपी. पुल्व्हरम्युलर यांच्या २००१ च्या अभ्यासात १० दिवसांत ३० तासांच्या आसपास पत्त्यांसारखा खेळ खेळवला होता, हातवारे बंद, फक्त बोलून मागायचं. निकाल चांगले आहेत आणि मी ती इतर पेशंटना दिलीय. पण काकूंचं बळ नेमकं हातवाऱ्यांत, वहीत, टेपवर बोट ठेवून दाखवण्यात होतं. दुकानात ज्याच्यावर त्यांचं भागणार होतं तेच बंद करायचं हे मला पटेना. शिवाय दिवसाला तीन तास सलग बसायची ताकद नव्हती, थकवा आला की शब्द आणखी दूर जायचे.

तिसरा, शब्द शोधायचा सराव, चित्र दाखवून हे काय, कशासाठी वापरतात, कुठे असतं असं चारी बाजूंनी शब्दाला घेरायचं. पद्धत चांगली, पण काकूंची नामं त्यातल्या त्यात बरी होती. आणि इंग्लंडच्या बिग कॅक्टस नावाच्या मोठ्या ट्रायलचा, २०१९ मध्ये आलेल्या, निकाल माझ्या डोक्यात पक्का बसलाय. कॉम्प्युटरवर सराव करून शब्द सापडण्यात सुधारणा झाली, पण गप्पांमध्ये ती उतरली नाही. घोटलेला शब्द आपोआप संभाषणात जात नाही, त्याला तिथवर न्यावं लागतं.

म्हणून निवडलं स्क्रिप्ट ट्रेनिंग. म्हणजे एका ठरलेल्या प्रसंगाचं बोलणं, त्या माणसाच्याच तोंडचं, छोटं, आणि ते इतकं घोटायचं की जुळवायला लागू नये. इथे मराठीचा फार विचार करावा लागला. आपल्याकडे भूतकाळात क्रियापद कर्माप्रमाणे बदलतं, मी ब्लाउज शिवला, मी बाही जोडली, बोलणारी तीच पण क्रियापद बदललं, आणि तिसऱ्या माणसाला वर -नं लागतो. काकूंना हे झेपणारं नव्हतं. वर्तमानकाळात मात्र मी शिवते, मी देते, क्रियापद बोलणारीप्रमाणेच, आणि मराठीत उद्याचं वचनसुद्धा त्यातच देता येतं, सोमवारी देते. म्हणून स्क्रिप्टमध्ये भूतकाळ ठेवलाच नाही.

वाक्यं त्यांच्याकडूनच काढली, सुनेनं सांगितलं की आई असं म्हणायच्या. या, बसा. काय शिवायचंय? अस्तर लावू? सोमवारी देते. आणि सगळ्यात महत्त्वाचं माझ्या मते, थांबा, सांगते. हे एक वाक्य हाताशी असलं की समोरचा घाई करत नाही आणि पेशंटला शब्द शोधायला दम मिळतो, मी जवळपास प्रत्येक पेशंटच्या स्क्रिप्टमध्ये ते घालते. "काय शिवायचंय" पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच सुटलं, इतकी वर्षं रोज म्हटलेलं वाक्य ते, मुरलेलंच होतं, फक्त दार उघडायचं होतं. "अस्तर" मात्र अत्तरच राहिलं. त्यावर आम्ही वेळ घातला नाही, शिवणाच्या दुकानात अत्तर लावू का असं ऐकून कोणीही गोंधळत नाही.

जोडीला क्रियापदांचा सराव ठेवला, शिव, काप, मोज, दे, घे, लाव अशी दहा-बारा. एक क्रियापद घेऊन कोण शिवतं, काय शिवतं अशा जोड्या लावायच्या, सून शिवते परकर, शिंपी शिवतो सदरा. घेतलेली क्रियापदं सुधारली, न घेतलेली फारशी हलली नाहीत, हे सरळ लिहिलेलं बरं.

आकड्यांचा प्रश्न मोठा निघाला. मापात अडतीसच्या जागी छत्तीस बोललं गेलं तर ब्लाउज अंगात जाणार नाही. मराठीतला प्रत्येक आकडा वेगळाच शब्द, अडतीस, अठ्ठावीस, अठ्ठेचाळीस, सगळे एकमेकांत घुसत होते. सून म्हणाली आई गिऱ्हाइकांशी कधीकधी थर्टी-एट असंही म्हणायच्या. करून बघितलं, थर्टी आणि एट असे दोन तुकडे काकूंना जास्त सोपे गेले. मग तेच ठेवलं. काहींना वाटतं मातृभाषा सोडून इंग्रजी कशाला, पण हे आकडे त्यांच्या दुकानाच्या भाषेतलेच आहेत. तरी नियम असा घातला की आकडा तोंडी कधीच अंतिम नाही, टेपवर बोट, वहीत लिहायचं, गिऱ्हाइकाला दाखवायचं, मग पुढे.

समजण्याच्या बाजूनं काय करायचं? गिऱ्हाईक एका दमात सांगतं, गळा मागून खोल पुढून नको, बाही कोपरापर्यंत, गुरुवारी लग्न आहे त्याच्या आधी द्या, आणि काकू मान डोलवणार. म्हणून एक जाड पुठ्ठ्याचं कार्ड केलं, गळ्याचे आकार, बाहीच्या लांब्या, साधा की कटोरी की प्रिन्सेस कट, वारांचा तक्ता, सगळी चित्रं काकूंच्या जुन्या वहीतूनच. गिऱ्हाइकानं बोट ठेवायचं, काकूंनी खूण करायची आणि परत दाखवून विचारायचं, हे बरोबर? सुरुवातीला काकूंना हे कार्ड कमीपणाचं वाटलं, बाजूला सारलं त्यांनी. मग सुनेनं ते दुकानात टांगलं आणि स्वतः वापरायला लागली सगळ्या गिऱ्हाइकांसाठी, तेव्हा काकूंनी घेतलं.

आता काकांबद्दल. सगळ्यात जास्त वेळ यात गेला आणि सगळ्यात जास्त फरक पण यानंच पडला असं मला वाटतं. काका प्रेमळ माणूस, बायकोसाठी जीव टाकणारा, पण त्यांना कोणीतरी सांगितलेलं की मागितल्याशिवाय द्यायचं नाही म्हणजे बोलणं येतं. त्यामुळे पाण्याचा ग्लास हातात धरून, "अगं बोल की, काय आहे हे, पाणी म्हण, मग देतो." काकूंचे डोळे भरायचे, आवाज बंद व्हायचा. भेटायला येणारा प्रत्येक पाहुणा पण परीक्षा घ्यायचा, मला ओळखलं का, नाव सांगा माझं. दिवसातून दहा वेळा सगळ्यांसमोर नापास व्हायचं. तहानलेल्या माणसाला शब्दासाठी अडवून भाषा परत येत नाही, उलट तो बोलायलाच घाबरतो. मी काकांना एवढंच सांगितलं की आधी पाणी द्या, मग शेजारी बसून म्हणा, पाणी, गार आहे का.

त्यांना कॅनडातल्या ऑरा केगन यांच्या सपोर्टेड कॉन्व्हर्सेशन पद्धतीनं शिकवलं. सोपं तत्त्व आहे, तुला कळतंय हे मला माहितीय असं आधी वागण्यातून दाखवायचं, मग कागद-पेन घेऊन मुद्दा लिहायचा, पर्याय द्यायचे, वेळ द्यायचा, आणि शेवटी मला असं समजलं, बरोबर का, हे विचारून खात्री करायची. काकांचे मोबाईलवर व्हिडिओ घेतले आणि त्यांना दाखवले, कुठे तुम्ही उत्तर यायच्या आत पुढचा प्रश्न विचारला बघा. काकांनी स्वतःच मोजायला घेतलं, प्रश्न विचारून मनात दहा आकडे. त्या दहा आकड्यांत काकूंचे शब्द यायला लागले.

डोसचं गणित सांगते कारण तेही निवडीतच येतं. २०२२ मध्ये आलेल्या रिलीज नावाच्या मोठ्या विश्लेषणात एकूण भाषेतली सर्वात जास्त सुधारणा २० ते ५० तासांच्या थेरपीसोबत दिसली. आपल्याकडे आठवड्यातून एकदा अर्धा तास असं वर्षभर चालतं, त्यात फारसं काही होत नाही आणि घरचे थकून सोडून देतात. काकूंसाठी एसटीनं ये-जा एका दिवसाचं काम होतं, म्हणून आठवड्यातून दोनदा समोरासमोर, तीनदा व्हिडिओ कॉल, असे दहा आठवडे, चाळीसेक तास, आणि मग ब्रेक. घरचा सराव सुनेनं दुकानातच घ्यायचा, वेगळी वेळ काढून नाही. मुंबईत राहणाऱ्यांना वांद्र्याची अली यावर जंग संस्था किंवा नायर हॉस्पिटलचा विभाग असे कमी खर्चाचे पर्याय आहेत, तालुक्याला राहणाऱ्याला व्हिडिओ कॉलच बरा पडतो, फक्त शेजारी शिकवलेला माणूस हवा.

दहा आठवड्यांनंतर काय होतं? ओळखीचं गिऱ्हाईक आलं तर काकू कार्ड आणि स्क्रिप्ट मिळून ऑर्डर घ्यायला लागल्या होत्या, सून आत असली तरी. आधी फक्त फॉल-पिको आणि परकर, मग साधे ब्लाउज. "नको" स्पष्ट यायला लागलं आणि हो-नाही भरवशाचं झालं, माझ्या लेखी ही स्क्रिप्टपेक्षाही मोठी गोष्ट. अनोळखी गिऱ्हाईक घाईत असलं की मात्र अडकायच्या. काल काय झालं हे सांगता येत नव्हतं. नातवाच्या जागी मुलाचं नाव यायचं, अजूनही येतं. फोनवर तर काहीच नाही, कारण तिथे ना कार्ड, ना चेहरा, ना टेप.

मधल्या काळात एकदा झोप उडालेली, जेवण कमी झालेलं दिसलं तेव्हा मी त्यांना त्यांच्या डॉक्टरांकडे परत पाठवलं, स्ट्रोकनंतरचं डिप्रेशन अफेजियावाल्या माणसात लपून राहतं कारण तो सांगू शकत नाही. औषध सुरू झाल्यावर सरावातही फरक जाणवला.

सर्टिफिकेटचंही सांगून ठेवते, बऱ्याच घरांना माहीत नसतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत आणि वाचा-भाषा दिव्यांगत्वात अफेजियाचं नाव स्पष्ट लिहिलेलं आहे. म्हणजे हात-पाय बरे झाले तरी बोलण्यावरून अर्ज करता येतो. काकूंचा अर्ज केलाय.

आता स्ट्रोकला वर्ष होऊन गेलंय. काकांना कोणीतरी सांगितलं सहा महिन्यांनंतर काही सुधारत नाही, तर आता कशाला खर्च. २०१७ मध्ये जर्मनीत ब्राइटनश्टाइन आणि सहकाऱ्यांनी १५८ जणांवर ट्रायल केली, सगळ्यांच्या स्ट्रोकला सहा महिन्यांहून जास्त झालेले, तीन आठवडे दर आठवड्याला १० तास किंवा जास्त थेरपी, आणि रोजच्या बोलण्यात सुधारणा मिळाली. काकांना ते मी कागदावर काढून दाखवलं. पुढचा राऊंड दिवाळीची शिलाईची गर्दी संपल्यावर. टार्गेट काकूंनीच उचललं, या वेळी फोनचा फोटो. बोलायचा फोन लगेच नाही, आधी व्हॉट्सॲप, गिऱ्हाईक डिझाइनचा फोटो पाठवेल, काकू कॅलेंडरच्या तारखेला गोल करून त्याचा फोटो परत पाठवतील आणि खाली आवाजात "सोमवारी देते" म्हणून टाकतील, ऐकून चुकलं तर पुसून परत म्हणता येतं. ते बसलं की मग पाच ठरलेल्या गिऱ्हाइकांना व्हिडिओ कॉल, त्या पाच जणींना मी आधी शिकवून ठेवणार आहे.